पट्टा हवेतच का फिरवायचा? जोड कुणी शिकवतं का?

सईची_आई

नमस्कार मंडळी. आजवर इथं फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मुलगी सातवीत आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीसमोरून उठावी म्हणून तिला मर्दानी खेळाच्या वर्गाला घातलं. सुट्टी संपली, वर्ग काही सुटला नाही. आधी एका हाताची लाठी, मग दोन लाठ्या, आता पट्टा, म्हणजे दांडपट्टा. (खेळाचं नाव 'मर्दानी' आणि वर्गात निम्म्याहून जास्त पोरी, हा एक वेगळाच विनोद.) यंदाच्या शिवजयंतीला तिनं चौकात पट्टा फिरवला तेव्हा माझ्या सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. इथवर सगळं छान.

परवा जेवताना म्हणाली, "आई, आम्ही सगळं हवेतच मारतो. समोर कुणी असतच नाही. मग मला येतं का नाही हे कळायचं कसं?"

मला काही उत्तर सुचलं नाही. वर्गातल्या सरांना विचारलं तर म्हणाले, पूर्वी जोड, म्हणजे दोघं समोरासमोर, खेळायचे, इंग्रजांनी हत्यारबंदी केली, तेव्हा सगळं बुडालं. जे हाती लागलं ते आम्ही शिकवतो. सर मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण दोन गोष्टी विचाराव्याशा वाटल्या. इंग्रजांच्या बंदीचं खरं काय? आणि कोल्हापुरात समोरासमोर जोडीनं खेळायला कुणी शिकवतं का?

नाइलाजाने_पुणेकर

पहिला प्रतिसाद माझा. माहिती शून्य, पण धागा वर राहू दे. पोरीचा प्रश्न एक नंबर. नाद खुळा.

मोडी_वाचक

सरांचं उत्तर लोकप्रिय आहे, पण ढोबळ आहे. १८५७ नंतर देशभर हत्यारं काढून घेण्याचा सपाटा लागला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला, हे खरं. पण तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. करवीर म्हणजे कोल्हापूर हे संस्थान होतं आणि १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत संस्थानच राहिलं. त्यामुळे पुण्यात-सोलापुरात जे वाक्य चालतं ते कोल्हापुरात जसंच्या तसं चालत नाही.

दसऱ्याला छत्रपतींची स्वारी निघत होती, शमीपूजन होत होतं, सोनं लुटलं जात होतं. तेव्हा 'बंदी' म्हणताना कुणाची, कधीची आणि कशावर, हे आधी ठरवा.

हिरण्यकेशी

मोडी_वाचक, कायद्याचं कलम बरोबर आहे, पण तुम्ही गोष्ट तीस-पस्तीस वर्षं उशिरा सुरू केलीत. आमच्याकडं ती १८४४ ला सुरू होते.

मी गडहिंग्लज भागातला. सामानगड घरापासून हाकेच्या अंतरावर म्हटलं तरी चालेल. 'गडकरी' हे आज आडनाव वाटतं, तेव्हा ती नोकरी होती. गडावर पहारा करायचा, गडाखालच्या इनाम जमिनीवर पोट भरायचं, बापानंतर पोरानं तीच जागा धरायची. पट्टा, भाला, बंदूक हे त्या घरात हौसेनं शिकत नव्हते. सुताराच्या पोराला रंधा येतो तसं ते येत होतं.

१८३८ ला कोल्हापूरचे बुवासाहेब महाराज वारले, गादीवर बाबासाहेब महाराज लहान. कंपनी सरकारनं दाजी कृष्ण पंडित नावाचा आपला कारभारी बसवला. त्यानं गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार गडावरून काढून मामलेदारांच्या हाती दिला. दिसायला नुसती कागदाची फिरवाफिरव, पण गडकऱ्यांनी ओळखलं की आज हिशोब गेला, उद्या जमीन जाणार. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगड उठला, पन्हाळा उठला. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर कोंडून ठेवला होता. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरच्या सुरुवातीला पन्हाळा. पन्हाळ्याचा चार दरवाजा आज दिसत नाही तो त्या लढाईत गेला. आता ११ जुलै २०२५ ला पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आला म्हणून आपण पेढे वाटले. त्या यादीतल्या गडाचा एक दरवाजा आपण फक्त नावानं ओळखतो, हेही पोरांना दाखवायला पाहिजे.

आता मुद्द्याचं. बंड मोडल्यावर तीन गोष्टी झाल्या. गडांची तटबंदी पाडली. वंशपरंपरेची गडकरी चाकरीच रद्द केली. संस्थानाची जुनी फौज मोडून इंग्रजी शिस्तीची नवी पलटण उभी केली. वर बंड मोडायचा खर्चही कोल्हापूरच्याच माथी मारला.

पट्टा बाळगू नका असं कुणी म्हणायची गरजच पडली नाही. पट्टा चालवणाऱ्याचं पोट ज्यावर चालत होतं तेच काढून घेतलं. नव्या पलटणीत कवायत आणि बंदूक, तिथं पट्टेकऱ्याला विचारतो कोण? बाप शेतात गेला, पोरगं शेतात गेलं, नातवाला पट्टा म्हणजे खुंटीवरचं लोखंड. माझ्या मते जोड तिथं मेली. १८७८ च्या कायद्यानं फार तर तेरावं घातलं.

मोडी_वाचक

हे मान्य. मी कायद्यात अडकलो. भर घालतो. १८५७ च्या ३१ जुलैला कोल्हापुरात इंग्रजांची २७ वी पलटण उठली, डिसेंबरात पुन्हा उठाव झाला आणि कर्नल जेकबनं शहराचा दरवाजा फोडून तो मोडला. राजबंधू चिमासाहेबांना कराचीला नेलं, १८६९ ला ते तिथंच वारले. म्हणजे तेरा वर्षांत दोनदा. त्यानंतर या गावात कुणी हत्याराचा सराव उघड्यावर जोडीनं करत बसला असेल असं मलाही वाटत नाही, कायदा असो वा नसो.

नाइलाजाने_पुणेकर

मग शाहू महाराजांचं काय? त्यांनी कुस्तीला एवढं मोठं केलं, तर मर्दानी खेळाला का नाही झालं तसं?

हिरण्यकेशी

महाराजांच्या हातात १८९४ ला कारभार आला. मोतीबाग, गंगावेस या तालमी, पैलवानांना खुराक, १९१२ चं खासबाग मैदान, हे सगळं जगजाहीर. मर्दानी खेळालाही दरबाराचा आसरा होताच, दसऱ्याला, सणाला. पण कुस्तीसारखी रोजची भाकर त्याच्या वाट्याला आली नाही. माझा अंदाज सांगतो, अंदाजच समजा. कुस्तीत हत्यार नसतं. पैलवान कितीही पोसा, रेसिडेन्सीतल्या साहेबाच्या पोटात गोळा येत नाही. पाचशे पट्टेकरी पोसले असते तर दुसऱ्या दिवशी खलिता आला असता.

जुनी_तालीम

पोरगं टाईप करून देतंय, मी बोलतोय. माझं वय ६९.

ताई, तुमच्या पोरीला सांगा, पट्ट्याची जोड पट्ट्यानं खेळत न्हाईत. कवाच खेळत न्हवते. पट्ट्याचा खोबळा हाय न्हवं, त्यात कोपरापातूर हात अडकतो. मनगट वळत न्हाई. वार खांद्यातनं आणि कमरंतनं येतो. पातं लवचिक, दोन्ही बाजूला धार. दोघं समोर उभं करून ते फिरवलं तर सरावाच्या पयल्याच दिवशी एकाचं नाक दुसऱ्याच्या पायाशी.

जोड असायची फरी-गदग्याची. फरी म्हंजे कातड्याची बारकी ढाल. गदगा म्हंजे कातडं चढवलेली काठी. डाव्या हातात फरी, उजव्यात गदगा, समोर गडी. डोक्याला, खांद्याला, बरगडीला, मांडीला. लागलं तर वळ उठतो, हाड मोडत न्हाई. तीन-चार वर्सं त्यात मार खाल्ला की मग वस्ताद तलवार नायतर पट्टा हातात द्यायचे. मार खाल्लेला गडी पट्टा फिरवतो तवा त्येचा पाय बगा. त्यो नुसता गरगरा फिरत न्हाई. समोर कोण तरी हाय असं धरून फिरतो.

भाल्याची जोड बोथाटीनं. टोकाला पात्याऐवजी चिंध्यांचा गोळा, त्यो रंगात बुडवायचा. ज्येच्या अंगाला रंग लागला त्यो मेला. विटा म्हंजे दोरी लावलेला भाला, दोरी मनगटाला. फेकायचा आणि वढून घ्यायचा. त्यो मी दोनदाच बगितला, माज्या वस्तादांच्या हातात. शिकायचा ऱ्हायला.

आमच्या तालमीत फरी-गदगा साधारण ७५-७६ सालापातूर खेळत हुते. मग वस्ताद गेले. फऱ्या उंदरांनी खाल्ल्या. पोरं फुटबॉलला लागली. फुटबॉल वाईट न्हाई, आमची तालीम त्यात पण पुढं हाय. पण आखाड्यातली माती निघाली आणि तिथं आता कॅरम हाय.

म्हंजे इंग्रजानं काय मारलं ते तुमी शिकल्याली माणसं सांगा. फरी-गदगा आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच हातनं गेला.

सईची_आई

काका, तुमचा प्रतिसाद मुलीला दोनदा वाचून दाखवला. 'समोर कोण तरी हाय असं धरून' हे तिनं वहीत लिहून घेतलं. आम्हाला वर्गात फरी-गदगा हा शब्दसुद्धा कधी ऐकू आला नव्हता.

लुधियाना_रिटर्न

नोकरीनिमित्त सहा वर्षं पंजाबात होतो म्हणून हे लिहितोय. तिकडं गतका खेळतात. कातड्याच्या मुठीची काठी आणि हातात छोटी गोल ढाल. त्या ढालीला काय म्हणतात माहितीय? फर्री. गतका-फर्री, गदगा-फरी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिथंच हसायला लागलो. एकाच घरातली भावंडं.

१८४९ ला पंजाब खालसा झाल्यावर तिकडंही हत्यारं काढून घेतली. तलवारीच्या जागी काठी आली आणि काठीच्या नावानं विद्या टिकली. पुढं त्यांनी त्याचं रीतसर मैदान आखलं, वेळ ठरवली, कुठं लागलं की किती गुण ते लिहून काढलं. खेलो इंडियाच्या युवा स्पर्धांत गतका आला, केरळचं कलारिपयट्टू आलं, मणिपूरचं थांग-ता आलं. मणिपूर तर १८९१ च्या युद्धात हरलेलं, तिथंही हत्यारबंदीच होती. आपल्याकडचा मल्लखांबही त्यात आहे. मर्दानी खेळ नाही. कारण उघड आहे. समोरासमोर खेळून हार-जीत ठरत नसेल तर स्पर्धा कशाची लावणार? गोल गोल फिरण्याची?

२०२४ च्या शिवजयंतीला सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं. चांगलं झालं. आता तो खेळतात कसा हेही कुणीतरी जाहीर करा.

जुनी_तालीम

गुणांचं मला पटत न्हाई. टोपडं घालून, शिट्टी मारून, पाइंट मोजून खेळायचं म्हंजे त्यो आखाडा न्हाई, शाळेचं गॅदरिंग. आमच्यात लागलं की ज्येला लागलं त्यो सवता म्हणायचा, 'लागला'. न्हाई म्हणाला तर दुसऱ्या दिशी त्येच्यासंगं कोण खेळत न्हवतं. पंच कशाला पायजे?

लुधियाना_रिटर्न

काका, आदर ठेवून सांगतो. 'लागला' म्हणणारी माणसं होती तोवर पंच नको होता. बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्याला टोपडं नसेल तर तिची आई दुसऱ्या दिवशी पाठवायची नाही. विचारा धागाकर्तीला.

सईची_आई

टोपडं पाहिजे. 😄

कडाडती_हलगी

सगळे पट्ट्यावर बोलताय, हलगीवर कोण बोलंना, म्हणून येतो.

मर्दानी खेळ हलगी, घुमकं आणि कैताळ या वाद्यांवर चालतो. ठेका बदलला की खेळणाऱ्याचा पाय बदलतो. मोबाईलवरचं गाणं लावून किंवा डॉल्बीपुढं पट्टा फिरवणारी पोरं बघितली की मला कळतं, ह्यांना कुणी ठेक्यावर उभं केलेलं नाही. हलगीवाला खेळणाऱ्याकडं बघून वाजवतो. दमला की त्याला श्वास घ्यायला दोन आवर्तनं देतो. स्पीकर देत नाही.

आता दुसरं, जरा कडू आहे. 'गेलेली परंपरा परत आणू' असं वाचलं की माझ्या घरात दोन मतं होतात. माझा आजा हलगी वाजवायचा. मानानं नाही, सक्तीनं. गावानं बोलावलं की जायचं, लग्न असो, मयत असो, जत्रा असो. मोबदला भाकरी आणि शिळं कोरड्यास. आखाड्यात खेळ चालायचा आत, माझा आजा वाजवायचा दारात. आत यायची मुभा नव्हती. माझ्या बापानं हलगी खुंटीला टांगली आणि मला हात लावू दिला नाही. ह्या जिल्ह्यात माणगावला १९२० ला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर एका मांडवात होते. त्या जिल्ह्यातला बाप असं वागला तर त्यात चूक काय?

मी शिकलो ते बापाच्या चोरून, तिशीत, कारण मला आवाज आवडतो. आज मी आत बसून वाजवतो, दर सांगून वाजवतो, आणि पट्टेकऱ्याइतकंच माझं नाव पत्रिकेत छापलं जावं म्हणतो. तर परत आणा, पण कुठलं आणायचं ते निवडून आणा. दारातलं आणू नका.

मोडी_वाचक

धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. यावर मी भर घालण्यासारखं काही नाही.

जुनी_तालीम

हलगीवाले भाऊ, तुमचं खरं हाय. आमच्या तालमीत पण त्योच रिवाज हुता. मोहरमचे पंजं आणि गणपती एका छपराखाली बसायचे, त्येचं कौतुक आम्ही गावभर सांगायचो, आणि हलगीवाला पायरीवर. मी तवा लहान हुतो, पण डोळं हुतंच की. बोललो न्हाई कवा.

नाइलाजाने_पुणेकर

अवांतर: फरी आता बनवून मिळेल कुठं? ऑनलाईन बघितलं तर शोपीस मिळतात, भिंतीवर लावायचे.

हिरण्यकेशी

कोल्हापुरात राहून कातड्याचा प्रश्न? चप्पल लाईनला जा. कापशी चप्पल कापणारा कारागीर फरी शिवू शकणार नाही होय? जुनी_तालीम काकांनी माप दिलं तर काम होईल.

आणि डाव विसरले असतील तर त्यावरही इलाज आहे. बडोद्याच्या मजुमदारांनी १९३६ ते १९४९ मध्ये व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, त्यात देशी हत्यारांच्या शिक्षणाला भरपूर जागा दिलीय. मोठ्या ग्रंथालयात चौकशी करा. पुस्तकावरून खेळ शिकता येत नाही हे मान्य, पण काकांना पहिला डाव आठवला की दुसरा आठवायला पुस्तक मदत करेल.

जुनी_तालीम

फरीचं माप: वीतभर आणि वर चार बोटं रुंद. म्हशीचं कातडं, दोन पदर, मधी काथ्या. मूठ आतनं, कातड्याचीच, घट्ट. गदग्याला आत वेताची काठी, वर कातडं वल्लं असताना शिवायचं म्हंजे वाळल्यावर आवळून बसतं. आमच्यात असंच करत हुते. दुसऱ्या तालमीचं माप दुसरं आसंल, भांडत बसू नका.

लुधियाना_रिटर्न

मी एका ओळखीच्या कारागिराकडं जाऊन आलो. आधी त्याला वाटलं मी कुत्र्याच्या ट्रेनिंगचं काहीतरी सांगतोय. मग त्याच्या वडलांनी आतनं ऐकलं आणि बाहेर आले. "फरी होय? आमच्या दुकानात शिवायचे पूर्वी," म्हणाले. दोन फऱ्या, दोन गदगे, पंधरा दिवसांत देतो म्हणालेत. पैसे आपण चौघांत वाटून घेऊ का?

नाइलाजाने_पुणेकर

पाच जणांत घ्या. मला एखाद्या रविवारी गावी यायला कारण पाहिजेच होतं.

मोडी_वाचक

एक व्यवहाराची सूचना. मैदानात खरी तलवार-भाले काढू नका. सणासुदीच्या आगेमागे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली हत्यारबंदीचा आदेश निघतो, त्यात काठ्याही येतात. सराव बंद आवारात करा आणि मिरवणुकीत नेणार असाल तर परवानगी काढून न्या. (हो, मला माहितीय मी पुन्हा कायद्यात घुसलो.)

कडाडती_हलगी

मी येतो. पहिल्या दिवशीचे पैसे नाहीत, पोरीच्या प्रश्नासाठी. दुसऱ्या वेळेपासून दर लागेल, आधीच सांगतो. घुमकंवाला माझा भाचा, कैताळ तुमच्यातलं कुणीतरी शिकून घ्या, अवघड नाही.

सईची_आई

मंडळी, प्रश्न विचारायला आले होते, इथं तर बेत ठरला. वर्गातल्या सरांनाही हा धागा दाखवला. मला वाटलं रागावतील. त्यांनी शांतपणे सगळा वाचला आणि म्हणाले, "फरी-गदगा मलाही कुणी शिकवला नाही. मी येऊ का?" मी हो म्हणून टाकलंय, काकांची हरकत नसावी.

काका, सई किती वाजता आणू? सोबत काय आणायचं?

जुनी_तालीम

सरांना घिऊन या, हरकत कसली. सकाळी साडेसहा. ऊन चढल्यावर खेळायचं न्हाई. पोरीला म्हणावं नखं कापून ये, घड्याळ-बांगडी काढून ये, आणि पोटभर खाऊन येऊ नगं. टोपडं पायजे तर आणा, मी काय बोलणार न्हाई.

पयल्या दिशी मीच तिच्यासमोर उभा ऱ्हातो. गुडघा धरलाय माजा, पण फरी धरायला गुडघा लागत न्हाई.